डिस्कच्या आतलं कुलूप: बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून नेहमी येणारे प्रश्न

बेळगाव शहर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या सोसायट्या, फाउंड्र्या, दवाखाने, शाळा यांचे संगणक सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. काही वर्षांपूर्वी सरावासाठी म्हणून भंगारातून तीन जुन्या हार्ड डिस्क किलोच्या भावानं घेतल्या. दोन मेलेल्या होत्या. तिसरी जोडली, तर एका क्रेडिट सोसायटीची पिग्मीची सगळी खाती समोर उघडली. नावं, पत्ते, फोन नंबर, सह्यांचे फोटो, आधार कार्डांचे स्कॅन. भाजी विकणाऱ्या बायका, रिक्षावाले, यंत्रमागावर काम करणारे विणकर, रोज वीस-पन्नास रुपये बाजूला टाकणारी माणसं. मी डिस्क घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. ते पांढरे पडले आणि एवढंच म्हणाले, "फॉरमॅट मारून दिली होती की ओ."

आपल्याकडची माहिती बहुतेक वेळा अशीच जाते. दारातून, पिशवीत घालून, आपणच हातानं दिलेली. तेव्हापासून लोकांनी मला जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

डिस्कमध्येच सुरक्षा असते म्हणजे नेमकं काय असतं?

डिस्कमध्ये माहिती साठवणाऱ्या भागाशिवाय एक छोटा संगणकच बसवलेला असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. 'सेल्फ-एन्क्रिप्टिंग' प्रकारच्या डिस्कमध्ये या कंट्रोलरच्या आत मजकूर सांकेतिक करणारं वेगळं सर्किट असतं. केबलमधून आलेली प्रत्येक गोष्ट आत लिहिण्याआधी सांकेतिक होते आणि बाहेर येताना पुन्हा सरळ होते. त्यासाठी एईएस ही पद्धत वापरतात, बहुधा २५६ बिटांच्या चावीची. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं ती २००१ मध्ये मानक म्हणून जाहीर केली आणि आजवर ती टिकून आहे.

इथे चाव्या दोन असतात, आणि हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. पहिली चावी डेटाची. ती डिस्क स्वतःच तयार करते आणि ती डिस्कच्या बाहेर कधी येत नाही, तुम्हालाही दिसत नाही. दुसरी चावी तुमच्या पासवर्डातून तयार होते आणि तिचं काम एकच, पहिली चावी कुलपात ठेवणं. पासवर्ड बदलला तर फक्त हे बाहेरचं कुलूप बदलतं, आतला मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही. म्हणून दोन टीबीच्या डिस्कचाही पासवर्ड क्षणात बदलतो.

हे सगळं कसं चालावं याचे नियम ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप या उद्योगसंघानं ठरवले. त्या नियमांचं नाव ओपल. पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी २०१२ ची. डिस्कच्या माहितीपत्रकात 'टीसीजी ओपल २.०' असं लिहिलेलं असतं ते हेच.

म्हणजे अशी डिस्क आणली की काम झालं?

नाही. दुकानातून आणलेली अशी डिस्क पहिल्या दिवसापासून सगळं सांकेतिक करूनच लिहीत असते, पण जोवर तुम्ही पासवर्ड लावत नाही तोवर ती विचारेल त्याला सगळं उलगडून देते. कपाटाला कुलूप आहे आणि चावी कुलपालाच लटकते आहे, अशी ती अवस्था. खोक्यावर 'एईएस २५६' छापलेलं पाहून निश्चिंत झालेले चेअरमन मी पाहिले आहेत. पासवर्ड लावला आहे का विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

विंडोजला पासवर्ड आहे की. मग हे आणखी कशाला?

विंडोजचा पासवर्ड फक्त विंडोज चालू असताना कामाला येतो. चार स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की तो पासवर्ड विचारायला तिथे कोणी नसतं. माझ्या भंगारातल्या डिस्कवरच्या विंडोजलाही पासवर्ड होता, तिसऱ्या मिनिटाला खाती दिसत होती.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या प्रोग्रामात, लावतात तो संगणक चालू करण्याचा पासवर्डही तसाच, तो मदरबोर्डापुरता. तिथेच कधी कधी 'हार्ड डिस्क पासवर्ड' अशी वेगळी सोय असते, ती मात्र डिस्कलाच जाऊन भिडते. कंपन्यांसाठी बनवलेल्या लॅपटॉपांत ती बहुतेक सापडते. आपल्याकडे सोसायट्यांतून असतात त्या जुळणी केलेल्या डेस्कटॉपांत बरेचदा नसते. आणखी एक अडचण अशी की साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या जुन्या डिस्कवर हा पासवर्ड म्हणजे नुसता दरवाजावरचा राखणदार. आतला मजकूर उघडाच असतो, आणि डेटा काढून देणाऱ्या लॅबकडे त्या राखणदाराला बाजूला सारायची अवजारं असतात.

यामुळे संगणक हळू होईल का?

डिस्कच्या आतलं सर्किट लिहिण्या-वाचण्याच्या वेगानंच चालतं, त्यामुळे फरक जाणवत नाही.

विंडोजचं स्वतःचं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, लावावं की डिस्कच्या आतल्या कुलपावर विसंबावं?

हा प्रश्न मला उद्यमबागेतल्या एका कारखानदारानं विचारला. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची कास्टिंगची ड्रॉइंग असतात. ती बाहेर गेली तर पुढची ऑर्डर जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे वीस वर्षांचा शब्द जातो. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो.

कागदावर पाहिलं तर डिस्कच्या आतलं कुलूप जास्त भक्कम. सॉफ्टवेअरनं एन्क्रिप्शन करताना चावी संगणकाच्या रॅममध्ये ठेवावी लागते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर काही क्षण टिकतो, आणि चिप थंड केली तर मिनिटांपर्यंत. तेवढ्या वेळात चावी उचलता येते. डिस्कच्या आत राहणाऱ्या चावीला हा धोका नाही.

पण कुलूप कंपनीनं कसं बसवलं आहे ते आपल्याला दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी क्रुशल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्क) उघडून त्यांचं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतला प्रोग्राम, तपासलं. काही मॉडेलांत त्यांना धक्कादायक गोष्ट आढळली: पासवर्ड आणि डेटाची चावी यांचा एकमेकांशी गणिती संबंधच नव्हता. कंट्रोलर पासवर्ड बरोबर आहे की नाही एवढंच तपासत होता आणि चावी तशीच पडून होती. फर्मवेअरमधला तो तपास बदलला की कोणताही पासवर्ड चालत होता. वर सांगितलेल्या दोन चाव्यांपैकी दुसरीनं पहिलीला कुलपात ठेवायचं असतं, तेच काम झालं नव्हतं.

त्या वेळी बिटलॉकर असं वागायचं की डिस्क स्वतः एन्क्रिप्शन करते असं तिनं सांगितलं तर स्वतः काहीच न करता तिच्यावर सोपवून मोकळं व्हायचं. म्हणजे बिटलॉकर चालू आहे असं समजणाऱ्या लोकांचाही भरवसा त्याच डिस्कवर होता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हे बदललं. आता नव्यानं लावलेलं बिटलॉकर डिस्क काहीही म्हणो, एन्क्रिप्शन स्वतःच करतं. जुन्या संगणकावर मात्र आधीचीच व्यवस्था चालू राहिलेली असू शकते. बिटलॉकरची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत 'एन्क्रिप्शन मेथड' ही ओळ बघा. तिथे 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' दिसलं तर भार डिस्कवर आहे, 'एक्सटीएस-एईएस' दिसलं तर विंडोजवर.

कारखानदारांना मी दोन्ही लावायला सांगितलं. बिटलॉकर सॉफ्टवेअर पद्धतीनं, आणि त्याखाली डिस्कचं स्वतःचं कुलूप. एकाच कुलपाचे पैसे असतील तर माझं मत बिटलॉकरला, कारण ते जगभरच्या लोकांनी तपासलेलं आहे. डिस्कच्या आतल्या कुलपाचा खरा फायदा वेगळ्या दिवशी दिसतो, त्याबद्दल पुढे भंगाराच्या प्रश्नात लिहिलं आहे.

रॅन्समवेअरपासून ही डिस्क वाचवते का?

नाही. रॅन्समवेअर म्हणजे फायली बंद करून पैसे मागणारा व्हायरस. डिस्क त्यापासून वाचवते हा गैरसमज इतका पसरला आहे की विक्रेतेही तसंच सांगतात. पासवर्ड देऊन तुम्ही सकाळी संगणक उघडला की डिस्क दिवसभर उघडी असते. त्या वेळात आलेला व्हायरस डिस्कला तुमच्यासारखाच दिसतो. तो फायली वाचतो, स्वतःच्या चावीनं बंद करतो, परत लिहितो. डिस्क मुकाट्यानं तेही आपल्या पद्धतीनं सांकेतिक करून ठेवते. चोरीला गेलेल्या डिस्कसाठी हे कुलूप आहे, चालू संगणकात शिरलेल्यासाठी नाही.

अलीकडे मात्र या दिशेनंही काम सुरू झालं आहे. सिंगापूरच्या फ्लेक्सॉन कंपनीनं एक्स-फाय नावाची एसएसडी आणली. तिच्या आतच लिहिण्या-वाचण्याच्या लकबीवर नजर ठेवणारी यंत्रणा आहे आणि संशय आला की डिस्क स्वतःला बंद करून घेते. मोठ्या सर्व्हरांसाठी आयबीएमनं २०२४ मध्ये आपल्या फ्लॅशकोअर मॉड्यूलांत रॅन्समवेअर ओळखायची सोय आणली.

कल्पना मला मनापासून आवडते. विंडोज व्हायरसच्या ताब्यात गेलं, अँटिव्हायरस बंद पाडला, तरी डिस्कच्या आतला पहारेकरी जागा राहतो, कारण तो विंडोजचा नोकर नाही. पण त्याची नजर तोकडी आहे. डिस्कला फाईल म्हणजे काय ते कळत नाही. तिला दिसतात फक्त क्रमांक लावलेले छोटे ठोकळे. कुठला ठोकळा वाचला, कुठल्यावर पुन्हा लिहिलं, लिहिलेलं किती विस्कळीत दिसतं, यावरून अंदाज बांधायचा. व्हायरसनं सावकाश, दिवसाला थोडं थोडं काम केलं तर अंदाज चुकतो. उलट एखादा मोठा फोटो-अल्बम झिप करायला घेतला तर तोही संशयास्पद दिसू शकतो. म्हणून अशी डिस्क घेतली तरी बॅकअप लागतोच, आणि तो संगणकापासून सोडवून ठेवलेला लागतो. कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क व्हायरस सगळ्यात आधी खातो.

बॅकअपसाठी साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. झिजलेली एसएसडी वीज न देता कपाटात ठेवली तर माहिती किती टिकावी याचं घरगुती डिस्कचं उद्योगमानक ३० अंश तापमानाला एक वर्ष एवढंच आहे. नवी डिस्क जास्त टिकते, पण कपाटात ठेवून विसरायची ती वस्तू नाही. आणि खानापूर, कणकुंबीकडच्या लोकांनी पावसाळ्यात डिस्क घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. मुरलेल्या ओलीनं सर्किट हिरवं झालेलं मी बघितलं आहे.

पासवर्ड विसरला तर तुम्ही काढून द्याल का?

नाही. मीही नाही, बेंगळुरूची लॅबही नाही, कंपनीही नाही. पासवर्डाशिवाय उघडता आली तर त्या डिस्कचा उपयोगच काय? लोकांना हे ऐकून राग येतो, पण मी लावून देण्याआधीच दोनदा सांगतो.

डिस्क मात्र वाया जात नाही. तिच्या लेबलावर ३२ अक्षरांचा पीएसआयडी नावाचा क्रमांक छापलेला असतो. तो टाकला की डिस्क कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते, आतलं सगळं कायमचं जातं. हा क्रमांक कोणी वाचला म्हणून तुमची माहिती त्याला वाचता येत नाही, त्याला फक्त ती नष्ट करता येते. डिस्क बसवण्याआधी लेबलाचा फोटो काढून ठेवा. लेबल पुसलं गेलं आणि पासवर्डही विसरला तर डिस्क पेपरवेट म्हणून ठेवायची.

चालू करताच निळा पडदा आला, ४८ आकडे मागतोय. आम्ही काहीच लावलं नव्हतं!

तुम्ही लावलं नसेल, विंडोजनं लावलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून सुरुवात केली की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि २०२४ च्या विंडोज ११ पासून ते आणखी जास्त संगणकांवर होतं. मग कधी बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, की संगणकातल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपला संगणक ओळखीचा वाटत नाही आणि ती ४८ आकडे मागते. घाबरू नका, आणि कोणी सांगितलं म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका. संगणक पहिल्यांदा सुरू करताना जे खातं टाकलं होतं त्यात ते आकडे जपलेले असतात. अडचण अशी की आपल्याकडे ते खातं बरेचदा दुकानदाराच्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं असतं. लॅपटॉप आणल्या दिवशीच ते स्वतःच्या नावावर करून घ्या.

मॅकला काही वेगळं आहे का?

अॅपलच्या टी२ चिप असलेल्या आणि त्यानंतरच्या एम मालिकेच्या संगणकांत एन्क्रिप्शन कायमच चालू असतं आणि चावी त्याच चिपमध्ये राहते. म्हणजे बोर्ड पूर्ण जळला तर साठवण ठीक असूनही माहिती परत येत नाही. फाईलव्हॉल्ट ही मॅकमधली कुलपाची सोय चालू करा, आणि बॅकअप ठेवा.

लॅपटॉप दुरुस्तीला कोल्हापूरला किंवा हुबळीला पाठवायचा आहे. डिस्क काढून घेऊ?

बिघाड पडद्याचा, कीबोर्डाचा, चार्जिंगचा असेल तर होय, काढून घ्या. सर्व्हिस सेंटर कुरकुर करतं, तरी घ्या. नव्या पातळ लॅपटॉपांत साठवण बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हा मार्ग नाही, आणि तिथेच कुलपाची खरी गरज लागते. पासवर्ड लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून पाठवायची पद्धत मात्र आता बंद करूया. दुरुस्तीवाल्यानं मागितलाच तर विचारा, कशासाठी. पडदा बदलायला पासवर्ड लागत नाही.

आणखी एक. लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवून पिशवीत घातला तर डिस्कला वीज मिळत राहते आणि ती उघडीच राहू शकते. कुलूप लागतं ते वीज तुटल्यावर. कोगनोळी नाक्यावर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेला लॅपटॉप असो की बसच्या टपावरची बॅग, प्रवासाआधी पूर्ण बंद करा.

हेस्कॉमची लाईट गेली तर डिस्कचं काय होतं?

कुलूप लागतं. सुरक्षेच्या दृष्टीनं हे चांगलंच, पण एक व्यवहाराची अडचण आहे. ओपलच्या पद्धतीत संगणक चालू होताना आधी एक छोटा पडदा पासवर्ड मागतो. त्या वेळी डिस्क फक्त तेवढा छोटा भाग दाखवते आणि पासवर्ड बरोबर आला की मगच खरी विंडोज पुढे येते. म्हणजे रात्री दोनला लाईट गेली आणि परत आली, तर तुमचा सर्व्हर सकाळपर्यंत त्या पडद्यावर उभा राहणार. शाखांमधून पिग्मीची यंत्रं सकाळी सातला जोडणी मागतात आणि मुख्य कार्यालयात माणूस येतो दहाला. एका सोसायटीत हे असंच झालं आणि तिसऱ्या दिवशी कोणी तरी वैतागून पासवर्डच काढून टाकला.

उपाय म्हणजे सर्व्हरला दमदार यूपीएस आणि जवळ राहणारा एक जबाबदार माणूस. सर्व्हरची खोली कुलूपबंद असेल तर संगणकातल्या टीपीएम चिपकडून आपोआप उघडणारी पद्धतही चालते. त्यात संगणकच उचलून नेला तर संरक्षण कमी होतं, पण नुसती डिस्क काढून नेणाऱ्याला काही मिळत नाही. माझ्या मते काढून टाकलेल्या पासवर्डापेक्षा हे कितीतरी बरं.

जुनी डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची आहे. फॉरमॅट पुरे ना?

इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे.

साधं क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नवं लिहून काढलं तर पानं खरोखर पुसतात, पण एक टीबीला दोन तासांहून जास्त लागतात, आणि एवढं थांबायला कोणाला वेळ नसतो. एसएसडीमध्ये तेही पुरत नाही. एसएसडीतल्या पेशी झिजतात, म्हणून कंट्रोलर लिखाण सतत जागा बदलून करतो आणि काही जागा स्वतःसाठी राखून ठेवतो. तुम्ही वरून कितीही लिहिलं तरी त्या राखीव कोपऱ्यात जुन्या सह्या, जुने आधार स्कॅन शिल्लक राहू शकतात.

आता वरच्या दोन चाव्या आठवा. डिस्कमधला सगळा मजकूर पहिल्या चावीनं सांकेतिक केलेला आहे. तीच चावी डिस्कनं पुसून नवी केली, तर राखीव कोपऱ्यांसकट सगळा मजकूर एका क्षणात अर्थहीन होतो. दोन टीबी असो की वीस, काही सेकंद. याला क्रिप्टो इरेज म्हणतात आणि निस्टच्या २०१४ च्या मार्गदर्शनात तो मान्य केलेला उपाय आहे, अट एवढीच की माहिती लिहिण्याच्या पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू हवं आणि ते नीट बनवलेलं हवं. एसएसडी कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्युअर इरेज' किंवा 'पीएसआयडी रिव्हर्ट' या नावानं ही सोय मिळते.

आणि डिस्क मेलेलीच असेल तर? माझ्या दृष्टीनं आतल्या कुलपाची सगळ्यात मोठी देणगी इथे आहे. मेलेल्या डिस्कवर कोणतंही सॉफ्टवेअर चालत नाही. वॉरंटीत ती कंपनीला परत द्यायची म्हणजे आतली माहितीही सोबत जाते, आणि बरेच डॉक्टर, वकील वॉरंटी सोडून देतात ती यामुळेच. पासवर्ड लावलेली सेल्फ-एन्क्रिप्टिंग डिस्क मेली तर ती बिनघोर परत देता येते, कारण ती मरतानाही कुलूपबंद मेली.

कुलूप नव्हतं आणि डिस्क मेली, तर ती फोडायची. उद्यमबागेत ड्रिल मशीन नसलेला शेजारी शोधून सापडणार नाही. हार्ड डिस्क असेल तर आतल्या चकत्यांतून आरपार चार-पाच भोकं, एसएसडी असेल तर प्रत्येक काळी चिप वेगळी फोडायची, एकही न सोडता. त्यानंतर ती ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे द्या.

चुकून पुसलेली किंवा खराब झालेली डिस्क एन्क्रिप्शन असेल तर परत मिळवता येते का?

अवघड होतं. चिप काढून दुसरीकडे वाचणं, बोर्ड बदलणं या पूर्वीच्या युक्त्या इथे निष्फळ ठरतात, कारण चावी त्या मूळ कंट्रोलरशी बांधलेली असते. म्हणून लग्नाचे फोटो, आजीचे व्हिडिओ एवढंच असलेल्या घरच्या डेस्कटॉपला मी ओपलचा पासवर्ड लावायचा आग्रह धरत नाही. तिथे चोरीपेक्षा बिघाडाची भीती मोठी आहे. दोन ठिकाणी प्रती ठेवा, एवढं केलं तरी खूप.

बटणं असलेला महागडा पेनड्राइव्ह घ्यावा का?

शाखेतून मुख्य कार्यालयात माहिती न्यायची असेल तर होय. पिन पेनड्राइव्हवरच दाबायची असते, त्यामुळे संगणकात लपलेला की-लॉगर (टाइप केलेलं चोरून टिपणारा प्रोग्राम) ती चोरू शकत नाही, आणि ठराविक वेळा पिन चुकली की आतली चावी पुसली जाते. घेताना अमेरिकी सरकारच्या फिप्स १४०-२ किंवा १४०-३ या मानकाचा प्रमाणित क्रमांक बघा. पण शिक्का म्हणजे हमी नव्हे. २०१० मध्ये जर्मनीच्या सिस या कंपनीनं सॅनडिस्क, किंग्स्टन, व्हर्बाटिम यांच्या फिप्स प्रमाणित पेनड्राइव्हमधलं कुलूप सॉफ्टवेअरच्या एका पळवाटेनं उघडून दाखवलं होतं. तिथे पासवर्डाचा तपास संगणकावर होत होता. बटणं ड्राइव्हवरच असलेली रचना म्हणूनच मला जास्त भरवशाची वाटते.

डिस्कच्या फर्मवेअरमध्येच व्हायरस शिरू शकतो?

शिरू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं इक्वेशन ग्रुप या टोळीबद्दल अहवाल दिला. त्यात अनेक नामांकित कंपन्यांच्या डिस्कचं फर्मवेअर बदलणारं अवजार सापडलं होतं. असा व्हायरस फॉरमॅट करून, विंडोज नव्यानं टाकूनही जात नाही. त्यानंतर चांगल्या डिस्क कंपन्यांनी डिजिटल सहीशिवाय फर्मवेअर न घेण्याची सोय वाढवली. अशी हत्यारं देशांच्या हेरगिरीत वापरली जातात, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यावर कोणी ती खर्च करणार नाही. तुम्ही एवढंच करा: डिस्क पक्क्या बिलानं घ्या आणि फर्मवेअर अपडेट फक्त कंपनीच्या साइटवरून टाका.

कायदा काय म्हणतो? आम्ही छोटी सोसायटी आहोत.

छोटी असली तरी सभासदांची माहिती सांभाळायची जबाबदारी तुमचीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हलगर्जी केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला सहा तासांत कळवायचं, हा नियम २०२२ पासूनचा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, हा क्रमांक कर्नाटकात, महाराष्ट्रात सगळीकडे तोच आहे.

आपल्या भागासाठी या कायद्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माहिती घेताना संस्थेनं जी सूचना द्यायची ती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागायचा हक्क माणसाला आहे. म्हणजे खानापूरच्या आजीबाई मराठीत मागू शकतात, त्यांच्या शेजारीण कन्नडमध्ये. फॉर्म छापतानाच दोन्ही छापा.

पासवर्ड आणि ते ४८ आकडे कुठे ठेवायचे?

एकाच माणसाच्या डोक्यात नाही. कागदावर, बंद पाकिटात, चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या पाकिटाच्या तोंडावर, आणि पाकीट संस्थेच्या तिजोरीत. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. पंच कमिटी बदलली की पासवर्डही बदलायचा आणि जुनं पाकीट फाडायचं. ज्या संगणकाची चावी आहे त्याच्याच डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची फाईल ठेवणारे अजूनही भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका.

आणि आकडे हातानं लिहू नका, छापून ठेवा. एका संस्थेत कारकूनकाकांनी ४८ आकडे सुंदर मराठी अंकांत लिहून ठेवले होते. ते निवृत्त झाले. वर्षभरानं निळा पडदा आला तेव्हा टेबलावर बसलेल्या मुलाचं शिक्षण कन्नड आणि इंग्रजी माध्यमात झालेलं, त्यानं प्रत्येक मराठी एक हा इंग्रजी नऊ समजून टाकला. अकरा वाजल्यापासून प्रयत्न चालू होते. मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर पिग्मी एजंटांची रांग उभी होती. त्या ४८ आकड्यांचे सहा-सहाचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो. आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन एकेक गट भागत बसलो. तीन गट चुकले होते. शेवटी काकांना फोन लावला, त्यांनी कागदाचा फोटो बघून ते तिन्ही गट वाचून दाखवले, आणि पाचव्या मिनिटाला शाखा चालू झाली.